आई झालीस की कळेल

आमच्या घरातलं कुठलंही भांडण एकाच वाक्याने संपायचं. डबा न खाता परत आणला, ताप अंगावर काढला, न सांगता कुठे गेले, की आई म्हणायची, "आई झालीस की कळेल." मी चिडायचे. पण चिंचपोकळीच्या चाळीतल्या एका खोलीतून चिडून जाणार कुठे? गॅलरीत जाऊन उभी राहायचे.

एकतिसाव्या वर्षी माझ्या डाव्या ओव्हरीत गाठ निघाली. कॅन्सरचीच असावी, असं सगळ्या तपासण्या सांगत होत्या. बाबांना जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात आम्ही दोघीच. आईने मजल्यावर सांगून टाकलं, "अपेंडिक्स."

मला मूल हवं होतं. लग्नाचं नक्की नव्हतं, मुलाचं होतं. परळच्या हॉस्पिटलात डॉक्टरबाईंना मी विचारलं, बीजं आधीच काढून गोठवून ठेवता येणार नाहीत का? त्या म्हणाल्या, तुमच्या बाबतीत गाठीजवळ सुई घालणं धोक्याचं आहे. आधी ऑपरेशन. डावी काढू, उजवी चांगली दिसली तर ठेवू, म्हणजे पुढे मूल होण्याची आशा राहील. ऑपरेशन चालू असताना उजवीबद्दल शंका आली, तर त्या बाहेर येऊन घरच्या माणसाला विचारणार होत्या. ते माणूस कोण, हे मला फॉर्मवर लिहायचं होतं. मी आईचं नाव लिहिलं. तिला दहादा बजावलं, "शंका असली तर 'ठेवा' म्हणायचं. पुढचं मी बघून घेईन."

"बरं," ती म्हणाली.

शंका आली. उजवीवर बारीकसा डाग होता आणि तिथल्या तिथे केलेल्या तपासणीत तो कसला, ते ठरेना. डॉक्टरबाई बाहेर आल्या. आई म्हणाली, "काढा."

टाके काढायला गेलो तेव्हा पक्का रिपोर्ट हातात आला. डाव्या बाजूला कॅन्सर होता. उजवी ओव्हरी साफ होती.

मग केमो. आईने माझं सगळं केलं, ओकारीचं भांडंसुद्धा तिनेच धरलं. मी तिच्याशी कामापुरतं बोलत होते. तिचा हात अंगाला लागलेला मला सहन होत नव्हता, आणि उठून बसायला तोच हात लागत होता. अपेंडिक्समध्ये केस जातात, हे आमच्या मजल्याने मुकाट्याने मान्य केलं. एरवी चाळ इतकी गुणाची नाही.

केस पुन्हा कानापर्यंत आले, तशा शेजारच्या काकू स्थळ घेऊन आल्या. दुपारची वेळ होती. आई गॅलरीत बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलत बसली होती, मी आत आडवी पडले होते. मुलगा दादरचा, एकुलता एक. "वयनी, पुढच्या वर्षी नातवंड खेळवशील बघ," काकू म्हणाल्या.

"नाय खेळवूचंय," आई म्हणाली. "तिका कॅन्सर झाल्लो. पोर होऊचा नाय."

मग काकूंनी हळूच विचारलं, "दोन्हीकडे पसरलेला काय गं?"

"नाय. एक बाजू बरी होती." आईचा आवाज जराही हलला नाही. "डागतरीन इचारल्यान, मीच 'काढा' म्हटलंय. तिका तिचा पोर व्हया होता. माका माझा."

काकू उठून गेल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्याला कळणार होतं, आणि आईला ते ठाऊक होतं. मी बाहेर येऊन तिच्यासमोर बसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच मी तोंड उघडून विचारलं, "माझं उत्तर 'ठेवा'च होतं. माहीत होतं ना तुला? मग का केलंस?"

आईने मान वर केली. तोंड उघडलं. तिच्या ओठांवर काय आलंय ते मला दिसलं. जन्मभर ऐकलेलं वाक्य होतं ते, न ओळखायला काय झालं?

तिने ओठ मिटून घेतले. सुपातले मूठभर वाल माझ्या पुढ्यात सरकवले आणि म्हणाली, "सांभाळून सोल. मोड तुटतत."