साडेनऊ सेकंदांची बारी

त्या विमानाचा विषय निघाला की मला आजही हसू आवरत नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी जुन्नर तालुक्यात फौजदार होतो. माघातली दुपार. ठाण्यात फोन वाजला. ओतूरकडच्या एका गावातून कोणीतरी नाव न सांगता बोलले, "साहेब, यात्रेत इमान पडलंय," आणि फोन ठेवला. ठाणे अंमलदार स्टेशन डायरी उघडून माझ्याकडे पाहत राहिला. म्हटले, "लिही, आणि जीप काढायला सांग."

गावात बैलगाड्यांच्या शर्यती चालू होत्या. शर्यतीच्या चढाला आमच्याकडे घाट म्हणतात आणि गाड्याच्या एका धावेला बारी. पोलीस पाटलांना विमानाचे विचारले. ते म्हणाले, "इमान? आवं साहेब, आमच्याकडं येष्टी धड येत न्हाई!"

दोन तास मी जबाब घेत होतो. सगळा गाव घाटावर, आणि सगळ्यांच्याच डोळ्यांत म्हणे नेमकी तेव्हाच धूळ गेली होती. हवालदाराने चहाच्या टपरीवरून एवढेच आणले, की गावातला इंजिन मिस्त्री पाच वर्षे खपून गाडीच्या जुन्या इंजिनावर विमान बनवत होता आणि आज तो कोणालाच दिसलेला नाही. परवाना अर्थातच नव्हता. गाव का गप्प आहे ते मला कळले. मिस्त्री आत गेला तर ऐन कांद्याच्या पाण्याला मोटारी दुरुस्त कोण करणार?

माणसाला विचारले तर तो नाही म्हणतो, पण चुकीचे सांगितले तर दुरुस्त केल्याशिवाय राहत नाही. मी घाटावरच्या घड्याळवाल्याला गाठले. बारी किती सेकंदांची झाली हे तोच ठरवतो आणि त्याच्यापुढे कोणाचे चालत नाही.

मी सहज म्हटले, "त्या विमानाला म्हणे घाट चढायला चौदा सेकंद लागले. त्यापेक्षा बैल बरे."

"चौदा? कोन म्हनतो? साडेनऊ! घड्याळ माझ्या हातात व्हतं!"

बोलला आणि जीभ चावली. मग सगळे बाहेर आले. हवेत इंजिन बंद पडले. खाली मोकळी जागा एकच, घाट. दोन बाऱ्यांच्या मध्ये विमान आवाज न करता उतरले, चढ चढून निशाणापाशी थांबले. लोकांनी गुलाल उधळला, भोंग्यावरून सेकंद पुकारले गेले आणि मग कोणाला तरी पोलीस आठवले. पंख सोडवून सगळे कडब्याच्या गंजीत घातले.

गंजीमागे मिस्त्री बसला होता, अंगभर गुलाल. पेट्रोलच्या नळीत कचरा अडकला, म्हणाला. साऱ्या गावाच्या पंपांचा कचरा काढणारा माणूस हा!

कोणाला इजा नव्हती. मला त्याची दया आली आणि मी करू नये ते करायला निघालो. म्हटले, "जमिनीवर चालवताना बंद पडले, असे पंचनाम्यात लिहितो. समज देऊन सोडतो."

पंच म्हणून उभे असलेले पाटील आणि घड्याळवाला लगेच म्हणाले, "व्हय साहेब, पळतच आलं. वर गेलंच न्हाई."

मिस्त्री ताडकन उठला. "न्हाई साहेब. उडलं व्हतं!"

"अरे, उडाले म्हटले तर गुन्हा होतो. विमान जप्त होईल."

"व्हऊ द्या. पाच वर्सं ह्या दोघांनी माझी टिंगल केली. आज डोळ्यांनी बगितलं, आन् आताबी म्हनत्यात उडलंच न्हाई. तुमी खरं लिवा."

आरोपी सुटण्यासाठी वाटेल ते बोलतो, हे मी तोवर धरूनच चाललो होतो. सुटकेपेक्षाही माणसाला काही जपायचे असू शकते, हे त्या मिस्त्रीने मला शिकवले. पुढे कोर्टाने त्याला ताकीद देऊन सोडले. त्याचा मला मनापासून आनंद झाला.

त्या दिवशी मी खरे तेच लिहिले. मिस्त्रीने ‘आकाशातून खाली उतरले’ या ओळीवर बोट ठेवून ती दोनदा वाचली, सही केली आणि पेन पंचांपुढे धरले.

"घ्या राव," तो म्हणाला, "आता तुमीबी करा."

दोघांनी खाली मान घालून सह्या केल्या.