मायक्रोमीटरची आंघोळ

माझं लेथ आमच्या अक्कानं पंचामृतात बुडवलं, आणि त्याबद्दल मी तिला अजून माफ केलेलं नाही.

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. जळगावात गफूर उस्तादांच्या कारखान्यात मी शिकाऊ उमेदवार होतो. जिनिंगच्या यंत्रांचे सुटे भाग आम्ही बनवायचो. (म्हणजे उस्ताद बनवायचे. मी दीड वर्ष एकाच लोखंडी ठोकळ्यावर कानस घासत होतो.) तेवढ्यात कारखान्यात लोखंड कातायचं नवं लेथ आलं. त्यावर एकच उमेदवार उभा राहणार होता, मी किंवा जामनेरचा एकनाथ. दसरा झाला की दोघांनी जुन्या लेथवर एकेक पिन कातायची, जाडी बरोबर एक इंच. ज्याची पिन चोख, त्याचं लेथ. मी हरलो तर आमचे वडील, आबा, मला पाचोऱ्याला शेतावर परत नेणार होते. "लोखंड घासाले जळगावले कशाले जानं?" हा त्यांचा सवाल, आणि दीड वर्षात मला त्याचं उत्तर सापडलं नव्हतं.

उत्तर उस्तादांच्या पेटीत होतं. त्यांचा स्वतःचा मायक्रोमीटर. इंचाचा हजारावा भाग मोजायचा. त्या भागाला आम्ही थाऊ म्हणायचो. दसऱ्याला घरी अवजारांची पूजा असते. विळ्या-कुऱ्हाडींच्या रांगेत हा ठेवला की आबांचं तोंड बंद, असा माझा बेत.

"उस्ताद, तीन दिवस द्या."

"नाही."

"दोन."

"बेटा, माझी सायकल माग, चष्मा माग. हा नको."

"बरं, एक. पूजेपुरता. सणाच्या कामाला नाही म्हणू नये."

उस्ताद विरघळले. (मला पहिल्यापासून एकच दिवस हवा होता. घासाघीस मी पाळण्यातच शिकलो.) "पाणी लावू नको," एवढंच ते म्हणाले.

घरी मी आबांच्या मिशीचा एक केस मोजून दाखवला. "तीन थाऊ," मी म्हणालो.

"मंग? कापूस जास्ती पिकस का?" आबा म्हणाले.

मी चिडून आपट्याची पानं आणायला निघून गेलो. परत आलो तर विळे, कुऱ्हाडी, पांभरीचे फण न्हाऊन-माखून कुंकू लावून बसलेले, आणि मध्ये पितळी वाटीत मायक्रोमीटर. दूध, दही, तूप, मध, साखर. काहीही कमी नाही.

"अक्का, हे काय केलंस?"

माझी थोरली बहीण शांतपणे ताम्हन पुसत होती. "बठ्ठासले आंघोळ घाली. हाऊ एकलाच पारोसा राहू देऊ का?"

मायक्रोमीटर गच्च बसला होता. फिरेना. अक्कानं साखर विरघळावी म्हणून तो कढत पाण्यात टाकला. तरी फिरेना. मग माझं डोकं फिरलं. मी पकड घेतली आणि एकच हिसडा दिला. सुटला! पण आता मिटल्यावर तो शून्याऐवजी तीन थाऊ दाखवायला लागला. शून्य जुळवायची किल्ली उस्तादांच्या पेटीत, आणि उस्तादांना सांगायचं म्हणजे लेथही गेलं आणि जळगावही.

दुसऱ्या दिवशी मी आपट्याच्या पानांसकट मायक्रोमीटर त्यांच्या हातात दिला. "उस्ताद, सोनं घ्या." त्यांनी तो न बघताच पेटीत ठेवला.

त्यानंतरच्या दिवशी परीक्षा. आणि इथं माझ्यातला व्यवहारी माणूस जागा झाला. आम्ही उमेदवार कारखान्यातल्या सगळ्यांच्या जुन्या मायक्रोमीटरनं मोजायचो, पण निकाल उस्ताद स्वतःच्यानं द्यायचे. तो तीन थाऊ जास्त दाखवणार. म्हणजे मी पिन तीन थाऊ बारीक कातली की निकालात बरोबर एक इंच. एकनाथ बिचारा सरळ एक इंच कातणार आणि हरणार. मला त्याची दयासुद्धा आली.

उस्तादांनी आधी एकनाथाची पिन मोजली. "एक इंच. चोख."

मग माझी. त्यांनी दोनदा मोजली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजली.

"तीन थाऊ कमी. अडीच नाही, साडेतीन नाही. बरोबर तीन." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय आहे बेटा, तीस वर्षांत माझ्या पेटीत मुंगी शिरली नाही. आज सकाळी मुंग्यांची वरात होती. मी सगळा खोलला, धुतला, शून्य जुळवलं. जुळवण्याआधी ते तीन थाऊ चुकलेलं होतं."

एकनाथ जमिनीकडे बघत होता. (हसत होता. खांदे हलत होते.)

"आबांना निरोप धाडतो," उस्ताद म्हणाले. "सांगतो, पोरगं लबाड आहे, पण हात पक्का आहे. इतकं मोजून चुकणारा मी पाहिला नाही. अजून एक वर्ष कानस घासेल."

"सहा महिने करा उस्ताद," माझ्या तोंडून गेलं.

"दीड वर्ष."

आज माझा स्वतःचा कारखाना आहे. दर दसऱ्याला मी पाहुण्यांना सांगतो की अक्काच्या पंचामृतानं माझं लेथ घालवलं. अक्का पूर्ण ऐकून घेते आणि दरवर्षी एकच विचारते, "पंचामृत मी टाकं, कबूल शे. पन पिन कोनी कापी?"

मी इतकी वर्षं घासाघीस करतोय. बाई एक थाऊसुद्धा खाली येत नाही.