मुनाऱ्यामुनाऱ्यानं शिकलेली इंग्रजी

माझं शिक्षण मराठी चौथी. त्यातलंही चौथीचं अर्धं वर्ष बैलांमागे गेलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण मी इंग्रजीची मोठी परीक्षा पास झालो असं म्हटलं की माझे नातू एकमेकांकडे पाहतात. पाहू द्या. पास झाल्याचा कागद अजून पेटीत आहे, पण मी तो दाखवत नाही. ज्याला माझ्या शब्दाचा भरवसा नाही, त्याला कागदाचा तरी कशाला द्यायचा.

तेव्हा चांदा आणि गडचिरोली असे दोन जिल्हे नव्हते, सगळा एकच चांदा. राज्य बदलून आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या आधीची ही गोष्ट. मी एटापल्लीकडच्या जंगलात नाकेदार होतो. नाकेदार म्हणजे जंगल खात्यातला सगळ्यात खालचा माणूस. अंगावर खाकी, खांद्यावर कुऱ्हाड आणि पायाखाली हद्दीची लाइन. सरकारी जंगल कुठे संपतं आणि गावाची जमीन कुठे लागते हे कळावं म्हणून दगड रचून, वरून चुना फासून मुनारे केलेले असत. एका मुनाऱ्यावर उभं राहिलं की पुढचा दिसला पाहिजे, अशी रीत. पावसाळा सरला की त्यांच्याभोवतीचं गवत काढायचं, ढासळलेला दगड परत रचायचा. उन्हाळा लागायच्या आत लाइनीवरचा पाला झाडून जाळून टाकायचा, म्हणजे गावाकडची आग आत शिरत नाही.

सरकारी नोकरांना इंग्रजीच्या दोन परीक्षा असत, लहान आणि मोठी. लहान मी कशीबशी काढली होती. तेवढ्यावर साहेबांनी मला फॉरेस्टर केलं, पण कच्चा. हुकमात लिहिलं होतं की मोठी इंग्रजी पास केली तर पक्का, नाही तर परत नाकेदार. साहेबांना सगळे रिपोर्ट इंग्रजीत लागत. माझ्या हाताखालचा नाकेदारही लहान परीक्षा काढून तयारच बसला होता. मी पडलो असतो तर माझी जागा त्याला जाणार होती, आणि ज्याला मी मुनारा रचायला शिकवलं त्यालाच रोज सकाळी सलाम ठोकायची पाळी माझ्यावर येणार होती.

बायको म्हणाली, "अजी, सलाम ठोकला त हात झडते का?"

"झडत नाई. पण मी ठोकनार नाई."

"मंग शिका. माह्यावर काऊन डोळे काढून राह्यले?"

आलापल्लीच्या लाकूड डेपोच्या पडवीत दर रविवारी एक मास्तर मोठ्या गड्यांना परीक्षेसाठी शिकवत. मास्तर सिरोंच्याकडचे, घरची बोली तेलुगू, शाळेतून निवृत्त झालेले. मराठी बोलत ती पुस्तकातल्यासारखी, पण मधेच "सरे, सरे" म्हणत. सरे म्हणजे बरं. शिकायला पाच-सहा जण असत. सगळ्यांना घरी पोरंबाळं, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या, आणि मांडीवर पाटी घेतल्यासारखे कागद धरून बसलेले. माझ्या शेजारी पोलिसातला एक हवालदार बसे. त्याला जमादार व्हायचं होतं. त्याचं पाठांतर म्हणजे गुडघ्यावर मूठ आपटत आपटत ओरडणं. दुपारी डेपोतले हमाल झोपायला दुसरीकडे जात.

परीक्षा दोन भागांत होती. एका दिवशी लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे उभं राहून बोलायचं. मास्तरांनी ज्याच्या त्याच्या कामाचा विषय दिला. माझ्या वाट्याला आलं, जंगल आणि जंगलातली आग. भलामोठा धडा त्यांनी स्वतः रचून दिला. पहिलं वाक्य मला आजही येतं. द फॉरेस्ट इज द वेल्थ ऑफ द नेशन. जंगल म्हणजे देशाची दौलत. पुढची वाक्यं लांब होत गेली आणि एक तर असं होतं की म्हणता म्हणता दम लागे.

घरी बसून मला पाठ होईना. बसलो की झोप येई. मला तर चालायची सवय. मग मी माझी युक्ती काढली. एका मुनाऱ्यावर एक वाक्य ठेवायचं. नाल्याकाठच्या पहिल्या मुनाऱ्यावर देशाची दौलत. पुढे मोहाचं झाड होतं तिथे पावसाचं वाक्य. वारुळाजवळच्या मुनाऱ्यावर बांबूचं. बांबूच्या रांजीपलीकडे, म्हणजे बेटापलीकडे, आग लागते कशी, त्याच्या पुढे आग विझवतात कशी. मुनारा आला की थांबायचं, वाक्य म्हणायचं, पुढचा मुनारा येईस्तोवर तेच घोळत चालायचं. महिनाभरात पूर्ण लाइन भरली. मला वाक्य आठवावं लागत नसे. डोळ्यांपुढे वारूळ आलं की बांबूचं वाक्य आपोआप तोंडात येई.

ते दम लागणारं वाक्य, आग विझल्यावर काय करायचं त्याचं, चढावरच्या मुनाऱ्यावर होतं. तिथे मी सगळ्यात जास्त थांबत असे. चढून घाम आलेला असे म्हणून टोपी काढायची, डोळे मिटायचे आणि वाक्य म्हणायचं, चुकलं की परत.

काही दिवसांनी पाहिलं तर त्या मुनाऱ्याच्या बुडाशी पाल्याच्या फांद्या पडलेल्या. मला वाटलं कोणी ओझं उतरवलं असेल, मी त्या बाजूला केल्या. दुसऱ्या फेरीला परत फांद्या, आणि सोबत चार दगड. जंगलातल्या गावांची रीत मला माहीत होती. वाटेत कुठे देवाची जागा असली, की येणारा-जाणारा एक दगड नाही तर एक हिरवी फांदी टाकून पुढे जातो. पण इथे कधी काही नव्हतं. लाइनीखालच्या गावातला एक म्हातारा गोंड आगीच्या दिवसांत माझ्याकडे राखणीला असे. त्याला विचारलं, "हे कोनाचं?"

"तुहंच आहे, बाबू."

"माहं कसं?"

"तू रोज थांबतेस. टोपी काढतेस. डोळे मिटून काई बोलतेस. बायांनी पाह्यलं. इथी कोनी आहे म्हनून तू बोलतेस ना? मंग आमी बी देतो." आणि पुढे म्हणाला, "पन देव कोनता ते सांग. त्याले फांदी चालते का कोंबडं लागते, ते ठरवा लागन."

मी त्याला खरं सांगितलं, इथे देव नाही, इंग्रजी आहे. त्याने मान हलवली आणि जाताना एक फांदी टाकून गेला.

आता खरी अडचण सांगतो. परीक्षा जवळ आली तेव्हा मास्तरांनी तोंडीचा सराव सुरू केला. मला उभं केलं आणि इंग्रजीत विचारलं, की आग विझल्यावर तुम्ही काय करता? मी सुरू केलं, जंगल म्हणजे देशाची दौलत. मास्तरांनी हात वर केला. "ते नाही. आग विझल्यावर काय?" मी परत पहिल्या मुनाऱ्यावर गेलो आणि म्हणालो, जंगल म्हणजे देशाची दौलत. मला मधूनच येत नव्हतं. नाल्यापासून निघाल्याशिवाय चढावर कसं पोचणार?

हवालदार म्हणाला, "मास्तर, जाऊ द्या त्याले. आग विझेपर्यंत दौलत जळून जाईल."

सगळे हसले. मी म्हणालो, "तुह्यासारखं गुडघ्यावर मुठी आपटून नाई शिकलो मी."

"मंग कसा शिकला?"

सांगू नये ते मी सांगून बसलो. मुनाऱ्यांचं ऐकून त्यांना हसू आवरेना. हवालदार म्हणाला, "म्हनजे झाडं पास होतील, भाऊ. तू नाई."

मास्तर हसले नाहीत, पण म्हणाले, "ही पद्धत सोडा. अर्थ समजून घ्या आणि मनाने बोला." मी म्हणालो, सोडणार नाही. मला जे येतं ते असंच येतं. कागद घडी करून खिशात घातला आणि पडवीतून उतरलो. पुढचे दोन रविवार गेलोच नाही.  बायकोने माझी जुनी नाकेदारीची टोपी धुऊन वाळत घातली, दिसेल अशी.

तिसऱ्या रविवारी दुपारी लाकडाच्या रिकाम्या बैलगाडीतून मास्तर माझ्या चौकीवर उतरले. धोतर, काळा कोट, पायात वहाणा. पाणी प्यायले आणि म्हणाले, "चला. तुमची शाळा दाखवा."

मी त्यांना लाइनीवर नेलं. नाल्यावर त्यांनी वहाणा हातात घेतल्या. पहिल्या मुनाऱ्यावर मी वाक्य म्हटलं, ते "सरे" म्हणाले. मोहाजवळ म्हटलं, सरे. वारुळाजवळ त्यांनी एक उच्चार सुधारला. असं करत चढावर पोचलो. त्यांना धाप लागली होती. फांद्यांचा ढीग आता गुडघ्याएवढा झाला होता. हे काय म्हणून विचारलं तेव्हा मी सांगितलं.  मास्तरांनी पायाशी पडलेली एक डहाळी उचलून ढिगावर ठेवली. म्हणाले, "हे वाक्य मी जरा जास्तच लांब केलं खरं."

मग तिथेच दगडावर बसून त्यांनी विचारलं, "फॉरेस्टर, समजा तुम्ही नाल्यावर आहात आणि त्या तिकडे, टेकडीमागे धूर दिसला. तुम्ही पहिल्या मुनाऱ्यापासून एक एक करत जाल काय?"

"कायले? जंगल जळून जाईल ना. मी आडवा जाईन."

"वाट असते?"

"वाट नसते. पण मले माहीत आहे कोनता मुनारा कोनीकडे. डोळे बांधा, तरी जातो."

"सरे," मास्तर म्हणाले. "परीक्षेतला साहेब प्रश्न विचारतो ना, तो धूर आहे असं समजा."

 मला कोणी चूक दाखवली की राग येतो, अजूनही येतो. पण यात राग येण्यासारखं काही सापडेना.

त्या दिवशी ऊन उतरेपर्यंत आम्ही तेच केलं. मास्तर चढावर बसून राहिले आणि तिथून ओरडून प्रश्न विचारत. मी कधी वारुळाजवळ, कधी नाल्यात. प्रश्न ज्या मुनाऱ्याचा असेल तिकडे मी झुडपांतून आडवा पळायचो आणि तिथे पोचून उत्तर ओरडायचो. लाकडं घेऊन चाललेल्या बाया उभ्या राहून पाहू लागल्या. त्यांना काय वाटलं असेल ते असो. पुढे रोज मी एकटाच तसं करू लागलो, आणि हळूहळू पाय न हलवता मनातल्या मनात आडवं जायला शिकलो. रविवारी परत पडवीत जाऊन बसलो. हवालदार म्हणाला, "आले का झाडं?" मी म्हणालो, "हो, तुह्या बाजूलेच बसून राह्यले."

परीक्षा चांद्याला, परकोटाच्या आतल्या एका शाळेत होती. लेखी बरं गेलं. आगीवरच रिपोर्ट लिहायचा होता. तोंडीला टेबलामागे दोन साहेब. पहिल्याने बांबूचं विचारलं. मी वारुळावर गेलो, उत्तर दिलं. पावसाचं विचारलं, मोहाजवळ आलो. मग दुसऱ्याने, जो तोवर खिडकीबाहेर पाहत होता, नेमकं चढावरचं विचारलं. आणि मी तर उत्तर झालं म्हणून मनात चौकीकडे परत निघून नाल्याच्या अलीकडे पोचलो होतो. मनात धावलो, पण नाला आडवा आला. साहेब थांबले. त्यांनी विचारलं, काय झालं? माझ्या तोंडून इंग्रजीत निघून गेलं, "सर, आय ॲम कमिंग. नाला इज इन बिट्वीन."

साहेबांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, कोणता नाला? आता हे कुठल्याच मुनाऱ्यावर नव्हतं. पण नाला माझा होता. त्याचं पाणी कधी आटतं, त्यात कोणत्या दगडावर पाय द्यायचा, पलीकडे काय लागतं, ते मी सांगत सुटलो. मोडकीतोडकी इंग्रजी होती, पण थांबलो नाही. तसाच पलीकडे पोचलो, चढ चढलो, आणि तिथून ते लांब वाक्य एका दमात म्हणून टाकलं. साहेब एकमेकांशी काही बोलले आणि मला जा म्हणाले.

निकाल आला तेव्हा मी पास होतो, जेमतेम. हवालदारही पास, आणि माझ्यापेक्षा वरचे मार्क, हे त्याने पुढे मरेपर्यंत ऐकवलं. मी पक्का फॉरेस्टर झालो. बायकोने ती जुनी टोपी पोतेऱ्यात टाकली.

लाइनीवर गेलो तर म्हातारा भेटला. त्याने विचारलं, "काम झालं म्हनते गावात. देव पावला का?"

किती दिवस मी नाही म्हणत आलो होतो. त्या दिवशी वाद घालावासा वाटला नाही. म्हणालो, "पावला."

"मंग फांदीवर भागत नाई, बाबू. कोंबडं लागते."

त्या आठवड्यात कोंबडं आणलं. मास्तरांना निरोप पाठवला, तेही आले. म्हाताऱ्याच्या गावची चार माणसं आली. म्हाताऱ्याने मुनाऱ्याजवळच चूल मांडायला दगड गोळा केले, तेव्हा मी ते उचलून पलीकडच्या अंगाला, गावाच्या हद्दीत नेऊन ठेवले. तो म्हणाला, "देव त इकडे आहे." मी म्हणालो, "देव असन. पण सरकारी जंगलात चूल पेटवता येत नाई. मी फॉरेस्टर आहो."

मास्तर कोंबडं खात नव्हते. त्यांच्यासाठी भात आणि अंबाडीची भाजी वेगळी शिजवली. जेवण झाल्यावर मी चुलीवर पाणी ओतलं, राख पायाने चाचपून पाहिली, आणि मगच सगळ्यांना उठू दिलं.