ठेवू का म्हणेपर्यंत

श्रीरामपूरला दूधवाल्या शेतकऱ्यांसाठी जनावरांच्या सल्ल्याचं कॉल सेंटर निघालं, तेव्हा फोनचा सर्व्हर मी निवडला. आठ खुर्च्या, म्हणजे एका वेळी आठ फोन. प्रत्येकाचा आवाज पोचवायचा आणि रेकॉर्ड करायचा. एवढ्याला दोन कोअरचा प्रोसेसर पुष्कळ झाला. दुकानदार चार कोअरचा घ्या म्हणत होता. याला माल खपवायचाय, असं म्हणून मी त्याला उडवून लावलं. माझा स्वभावच तसा आहे.

दुसऱ्याच आठवड्यात, भर सकाळी, आवाज तुटायला लागले. नेवाशाकडच्या एका बाईंची गाय अडली होती. वासराचा एकच पाय बाहेर, घरात दुसरं कुणी नाही. आमच्या डॉक्टरीणबाई फोन स्पीकरवर टाकून सांगत होत्या, ओढू नका, आधी आत ढकला. पलीकडे शब्द अर्धेच पोचत होते.

"ओढू ना? ओढू ना म्हनता?" बाई विचारत होत्या.

मी सर्व्हरचा स्क्रीन उघडला. प्रोसेसर काठोकाठ भरलेला, आणि चालू फोन एकतीस. आठ खुर्च्यांवर एकतीस फोन कसे? त्यातल्या एकाला मी कान लावला.

खुर्च्यांवर फोन घेणाऱ्या मुलींचं बोलणं संपलं की फोन रेकॉर्ड केलेल्या आवाजाकडे जायचा. तो धन्यवाद म्हणून गप्प व्हायचा. पुढे फोन तोडायची सोय मी केली नव्हती, लोक आपणहून ठेवतील असं धरलं होतं. तिथे एक आजोबा शांतपणे विचारत होते, "ठेवू का मंग, ताई?" थोडं थांबून पुन्हा तेच. पुढच्या लाइनवरही तेच. तेवीस माणसं कुणीतरी "ठेवा" म्हणायची वाट बघत थांबली होती, आणि ते बिचारं मशीन त्यांचं थांबणंसुद्धा इमानेइतबारे रेकॉर्ड करत होतं. आईशी बोलताना मी स्वतः तीनदा "ठेवू का" विचारते. हिशेबात मात्र मी फक्त खुर्च्या धरल्या होत्या.

त्या सगळ्या लाइनींना मी माझा माईक जोडला आणि म्हणाले, "ठेवा हं आता."

"हां, ठेवतो." "बरं ताई, ठेवते." कितीतरी गळे एकदम बोलले. आकडा उतरत गेला: एकतीस, चोवीस, पंधरा, आठ. शेजारून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "ओढू नका." आणि पलीकडून, स्वच्छ, "न्हाई ओढत."

चार कोअरचं मशीन मी नंतर त्याच दुकानदाराकडून आणलं, तोंड पाडून. धन्यवादानंतर आता माझ्या आवाजात "ठेवा हं" आहे.

पण त्या सकाळी अर्ध्या तासाने बाई म्हणाल्या, "मॅडम, उभं ऱ्हायलं वासरू." मग हळूच, "ठेवू का?"

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. आम्हा दोघींपैकी कुणालाच "ठेवा" म्हणवेना.