खालच्या खाचरातला कारखाना

पेंट शॉप कुठे, असं विचारलं की गणपतमामा सांगायचे, "खल्यावर." स्टोअर? "खालच्या खाचरात जा, सरल." उल्हासनगरहून नटबोल्ट घेऊन येणारा सिंधी व्यापारी वैतागून म्हणायचा, "मामा, ये खाचर किधर है? बोर्ड तो लगाओ." मामा हसायचे. "बोर्ड कंपनीचा सेठ लावल. नाव आमचा हाय."

मामा मोरिवलीच्या आमच्या ट्रक कारखान्याचे गेटवरचे वॉचमन. मी कॉस्टिंगला होतो, बदलापूरला कात्रपमध्ये राहायचो. कारखान्याची वाढ मी कागदावर पाहिली, मामांनी जमिनीवर. सुरुवातीला एक पत्र्याची शेड होती. दुसऱ्यांच्या चासीवर आम्ही नुसती बॉडी बांधायचो. मग स्वतःचे टिपर निघाले आणि पुढे अवजड ट्रक. प्रत्येक वाढीला जागा लागली, आणि ती मामांच्या भावकीच्या भातशेतीतून आली; पेंट शॉप जुन्या खळ्यावर, स्टोअर खालच्या खाचरात उभं राहिलं.

जमीन देताना गाव अडून बसलं होतं. तेव्हा कंपनीचे मोठे साहेब स्वतः मामांच्या ओटीवर आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "घरटी एक नोकरी देऊ." लिहून कोणी मागितलं नाही. मामा घरोघर फिरले. "साहेब आमचे कपातला चहा प्यायला, खोटा कसा बोलल?" मोठ्या भावाची विधवा, सखूवहिनी, तयार नव्हती. तिचा दिनेश तेव्हा पाळण्यात होता. मामा तिला म्हणाले, "वयनी, पोरगा मोठा झाला का त्याची नोकरी माझेकरं माग." त्या शब्दावर तिने अंगठा दिला.

नव्वदच्या दशकात सगळ्यात मोठ्या ट्रकसाठी नवं युनिट उभं राहिलं. दिनेश तोवर आयटीआय करून फिटर झाला होता. त्याचा अर्ज परत आला: भरती पूर्ण, पुढची माणसं कंत्राटदारामार्फत.

नव्या युनिटच्या उद्‌घाटनाला झेंडूच्या माळा घातलेला पहिला ट्रक गेटशी उभा होता. आम्ही ऑफिसातले सगळे टाळ्या वाजवायला ओळीत होतो. तेवढ्यात सखूवहिनी आली. मामांच्या मागे सिक्युरिटी ऑफिसर उभा होता. मामांनी दांडा आडवा धरला आणि खाली बघत विचारलं, "कोनाला भेटाचा हाय?"

"भावजी, मना नाय ओलखत?"

"पास लागतो, वयनी."

"माझे शेतान जावाला पास?"

ट्रक बाहेर पडला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. वहिनी बाजूला सरकली, नाहीतर माळ तिला घासली असती.

दुसऱ्या दिवशी मामा पर्सोनेलमध्ये गेले. "माझी नोकरी दिनेशला द्या. मी आज घरी बसतो." ऑफिसर तरुण होता, वाईट नव्हता. म्हणाला, "मामा, तुम्ही गेलात की ही पोस्टच बंद. वॉचमन आता एजन्सीचे येणार."

मामा तिथून थेट माझ्या टेबलाशी आले. "तू हिशेबातला मानूस. तू चल नं वयनीला सांग, का मी खोटा नाय बोल्लो."

संध्याकाळी आम्ही गेलो. वहिनी भात पाखडत होती. मामा अंगणातच थांबले, ओटीवर चढेनात. मी साहेबांचा शब्द, कंपनीचं धोरण, कंत्राटी पद्धत असं सगळं क्रमाने सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं.

"तुमी कवा लागलाव?"

मी साल सांगितलं. तिचं खाचर गेलं तेच साल.

"कसे लागलाव?"

"पेपरात जाहिरात आली होती. इंग्रजी पेपरात. मी परीक्षा दिली."

"आमचे गावान कोनाला सांगला व्हता, परीक्षा हाय म्हून?"

मी परीक्षा रीतसर दिली होती, कोणाचं काही हिरावलं नव्हतं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं आणि आजही आहे. तरी मी मान वळवून अंगणातल्या मामांकडे पाहिलं.

अंगणातून मामा म्हणाले, "वयनी, त्याला नको इचारू. सबूद मी दिलता. इचाराचा त मना इचार."

ती त्यांच्याकडे वळली. तिची नजर माझ्यावरून हटली आणि मला हायसं वाटलं. मामा त्यानंतर फार वर्षं जगले नाहीत. कारखाना अजून वाढला. त्यांची आठवण निघाली की मला पहिल्यांदा आठवतं ते माझं ते हायसं वाटणं.