वाचकाची नाडी

इस्लामपूरहून सांगलीला जाणाऱ्या एसटीत एक तरुण संशोधक मुलगी माझ्या शेजारी बसली होती. मांडीवरच्या लॅपटॉपवर हृदयाचं चित्र होतं आणि त्यात रंगांच्या लाटा फिरत होत्या. हृदयातली वीज वेडीवाकडी का धावते याचं गणित मांडते, असं तिने सांगितलं. बोलताना ती बोटाने हवेत गोल काढायची.

"वीज भरकटते म्हणजे नेमकं काय होतं?" मी वार्ताहराच्या सुरात विचारलं.

"उसाचं पाचट पेटवलं की जाळ पुढं जातो. मागं राख असते, म्हणून तो मागं वळत नाही. पण राखेच्या जागी लगेच नवं पाचट आलं तर? जाळ तिथंच गोल फिरत बसंल. हृदयात तसंच."

मी टिपून घेतलं. मग म्हणालो, "आमच्या एका वाचकाची छाती मधेच धडधडते, मधेच ठोका चुकतो. तुमचं गणित काय सांगतं?"

प्रत्येक बातमीची दोन ठिकाणी खातरजमा करणारा मी, महिनाभर डॉक्टरांना टाळत होतो.

तिने लॅपटॉप मिटला. "आवं काका, वाचकाची नाडी तुमच्या मनगटावर का शोधताय?"

माझी बोटं खरंच तिथे होती.

"माझ्या गणितातलं हृदय बंद पडलं की मी परत चालू करते," ती म्हणाली. "वाचकाचं मला जमायचं न्हाई. त्याला आजच दाखवा."

सांगलीत ती उतरून गेली. मी वाचकाला घेऊन दवाखान्यात गेलो. केसपेपरवर नाव मात्र माझंच सांगावं लागलं.