पडदाभर साडू

साडूभाऊंचा सूड घ्यायचा हे मी ठरवलं ते एका पिवळ्या वायरीमुळं.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. शिवऱ्याला हायवेच्या कडेला त्यांचं हॉटेल. मटण थाळीसाठी गाड्या मुद्दाम वळायच्या. माझं भोरला झेरॉक्सचं दुकान; माझ्याकडं फक्त दाखलेवाले वळायचे. त्यांच्या मुलीच्या लग्नाची डीव्हीडी तयार होऊन आली, तेव्हा सगळ्या पाहुण्यांत चपटा टीव्ही एकट्या माझ्याकडं होता. नवाकोरा, भिंतीला टांगलेला. असली संधी पुन्हा येत नसते. "पहिला खेळ आमच्याकडं," असं मी स्वतःहून सगळ्यांना सांगत सुटलो.

खोली भरली. मी डीव्हीडी प्लेअर जोडायला घेतला. पिवळी वायर पिवळ्या भोकात घालायची, एवढं कुणालाही कळतं. पण टीव्ही भिंतीला चिकटलेला, मागं मान जाईना. म्हणून मी हातानं चाचपून वायर खुपसली, ती शेजारच्या हिरव्या भोकात. मग रिमोटची बटणं दाबता दाबता एकदाचं चित्र आलं. सनई आली. रंग मात्र आला नाही. हळदीची नवरी राख फासून बसल्यासारखी दिसायला लागली.

मग साडूभाऊ म्हणाले, "काय पाव्हणं, लग्नाची झेरॉक्स काढली व्हय?"

खोली हसली. मी वायर हलवत राहिलो.

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. कलर कॉपीचं पैसं येगळं पडत असत्याल."

ह्याला माझी सख्खी बायकोसुद्धा हसली. पदर तोंडाला लावून हसली, पण खांदे दिसतातच की. त्या दिवसापासून मी सगळ्या तालुक्यात 'झेरॉक्स दाजी' झालो. साडूभाऊंच्या हॉटेलात गेलो तर वेटर विचारायचा, "दाजी, रस्सा लाल आणू का काळा-पांढरा?"

मी पेटलो. टीव्हीबरोबर आलेलं माहितीपुस्तक मी पोथीसारखं वाचून काढलं. चित्रासाठी लाल, हिरवी आणि निळी अशा तीन वेगळ्या वायरी लागतात, त्या पुण्याहून आणल्या. टीव्ही दुकानात उठून दिसावा म्हणून कंपनीनं रंग भडक करून ठेवलेले असतात, ते उतरवले. चित्राची धार वाढवली की चेहऱ्याभोवती पांढरी रेघ येते. धार कमी केली. शेवटी चित्र असं बसलं, की नवरीच्या केसांत अडकलेली अक्षतासुद्धा दिसावी. पण बघायला येतंय कोण? झेरॉक्स बघायला कोण येतं?

तेवढ्यात साडूभाऊंनी माझ्यापेक्षा मोठा टीव्ही घेतला. गावच्या जत्रेला आम्ही शिवऱ्याला गेलो, तर जेवणं उरकून सगळे पाहुणे त्याच्यासमोर. चित्र तेच, लग्नाचं. पडद्याच्या दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या होत्या, आणि त्यावरून साडूभाऊंची चिडचिड चालली होती.

"पैसं आख्ख्या टीव्हीचं दिलं, आन् चित्र मधल्या मधीच!"

खरं म्हणजे ते बरोबर होतं. शूटिंगवाल्याचा कॅमेरा जुन्या पद्धतीचा, त्याचं चित्र चौकोनी, पडदा आडवा. कडा रिकाम्या राहणारच. तसंच ठेवलं तर माणूस माणसासारखा दिसतो. हे सांगायला मी तोंड उघडलंही होतं.

"झेरॉक्स दाजी, ह्ये तर तुमचंच काम," साडूभाऊ म्हणाले. "झाकण उघडं ऱ्हायलं की कडा काळ्या येत्यात न्हवं? लावा की जरा नीट!"

पुन्हा तेच हसू. मी तोंड मिटलं आणि रिमोट हातात घेतला. एका बटणानं चित्र दोन्हीकडं ताणता येतं, हे मला आता पाठ होतं. साडूभाऊ फेटा बांधून मांडवाच्या दारात उभे राहिलेले दिसत होते. अगदी त्याच वेळी मी बटण दाबलं.

फेट्याचं घमेलं झालं. गाल कानापर्यंत गेले. पोट तर असं पसरलं, की व्याहीबुवा त्याच्या आड गेल्यासारखे वाटावेत. मी हशाची वाट बघत बसलो.

"आत्ता कसं!" साडूभाऊ मांडीवर थाप मारून ओरडले. "पडदा भरला!"

"लई रुबाबदार दिसताय, अण्णा," कुणीतरी म्हणालं. दुसरा म्हणाला, "पाव्हणं, आमच्याकडला पण तेवढा भरून द्या की." पुढं वरव्यापासून पानशेतपर्यंत ज्या नातेवाइकांकडं एव्हाना चपटे टीव्ही आले होते, तिथं जाऊन मी चांगली चित्रं ताणून देत फिरलो. वर चहा पिऊन यायचो. सूड घ्यायला गेलेला माणूस पडदे भरायच्या कामाला लागला.

पण मेव्हणीबाई ती डीव्हीडी आल्यागेल्याला दाखवायच्या. रोज दाखवायच्या, म्हणजे स्वतःही रोज बघायच्या. एका दुपारी बायको फोनवरून उठून आली आणि म्हणाली, "ताईनं भावजींचं मटण बंद केलं. लेकीच्या लग्नात किती सुटले होते, म्हणे, तेव्हा लक्षच गेलं नाही. आता दोन्ही वेळ दुधी भोपळा आणि एक भाकरी."

मटण थाळीचा मालक, गल्ल्यावर बसून दुधी! मी इतका हसलो, की उचकी लागली. पाणी पिऊन ताटावर बसलो. ताटात दुधी.

"हे काय?"

"तुम्हालाही बघितलं ताईकडं. सगळ्या लग्नात भावजींना चिकटून उभे. दोघांत कोण जास्त, तेच कळेना."

शूटिंगमध्ये आपण दिसावं म्हणून लग्नभर मी त्यांच्या शेजारची जागा सोडली नव्हती. हे मी साफ विसरलो होतो.

"अगं, आपल्या टीव्हीवर बघ ना! त्यात मी बरोबर दिसतो."

"आपल्या टीव्हीत कडा काळ्या येतात," बायको म्हणाली. "पोट तिथंच कापलं जात असणार."

दोन-तीन महिन्यांनी साडूभाऊ दुकानात आले. सदऱ्याची कॉलर सैल झालेली. आधी आजूबाजूला बघून घेतलं.

"झेरॉ..." ते थांबले. "पाव्हणं, आमच्या टीव्हीत काय बिघाड असंल का वो? आरशात म्या येवढा न्हाई दिसत."

बटण एकच होतं. सांगितलं असतं, तर त्यांचं मटण पुन्हा सुरू झालं असतं आणि माझंही. तोंडाला पाणीसुद्धा सुटलं. पण तेवढ्यात मशीनमधून कॉपी बाहेर आली. काळी-पांढरी.

"कलर नीट दिसतात ना?" मी विचारलं.

"कलर एक नंबर."

"मग टीव्हीचा दोष नाही, साडूभाऊ."

ते मान खाली घालून स्टँडकडं गेले. मी दुकान लावून घरी जेवायला आलो. ताटात दुधी होता, बिनमिठाचा. मी संपवला, आणि कधी नव्हे ते बायकोला म्हणालो, "वाढ अजून."